शाळेच्या गडग्यावरचा डबा

गेल्या चवथीला ब्रिटनहून देवगडला घरी आलो होतो. भजन आटोपलं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा फिरला आणि खळ्यात विषय फिरत फिरत कोविडवर आला. चुलतभाऊ मला म्हणाला, "तुमचा बरा आसा रे थंय. पंतप्रधानाक पोलिसांनी दंड केल्यानी. हय कोण करतलो?"

दंड झाला हे खरं. जून २०२० मध्ये, कोविडचे निर्बंध असताना, मंत्रिमंडळाच्या खोलीत स्वतःच्या वाढदिवसाला माणसं जमली म्हणून तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये ५० पौंड भरावे लागले. डाउनिंग स्ट्रीट, म्हणजे पंतप्रधानांचं घर-कचेरी, आणि आसपासच्या सरकारी कचेऱ्यांतल्या मेळाव्यांबद्दल अशा एकूण १२६ नोटिसा निघाल्या. पण त्या दंडाने तिकडे कोणाचा राग शमला नाही. प्रिन्स फिलिप या आपल्या नवऱ्याच्या अंत्यविधीला राणी बाकावर एकटी बसलेली सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली होती, आणि आदल्याच रात्री डाउनिंग स्ट्रीटवर पार्ट्या रंगल्या होत्या, हे मागाहून कळलं.

माझ्या शेजारणीने नवऱ्याचा निरोप नर्सने धरलेल्या टॅबलेटच्या पडद्यावर घेतला. नियम होता, तिने पाळला. पार्ट्यांची बातमी आली त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच वाक्य, सगळे सारखेच. पुढे तिने रिफॉर्म पक्षाला मत दिलं. हा पूर्वीचा ब्रेक्झिट पक्ष. लॉकडाउनला विरोध करत त्याने २०२१ च्या सुरुवातीला नवं नाव घेतलं, आणि २०२४ च्या निवडणुकीत सुमारे १४ टक्के मतं आणि ५ जागा मिळवल्या. बाहेरून आलेल्यांबद्दल हा पक्ष काय बोलतो ते मी रोज ऐकतो. बाई मात्र मला दर उन्हाळ्यात घरचा जॅम आणून देते. त्या बोलण्यात तिला मी दिसत नाही, एवढंच.

हे मी खळ्यात सांगितलं, तर सगळे हसले. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये गृहखात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र घेऊन वाधवान या उद्योगपती कुटुंबाचा २३ जणांचा ताफा भर लॉकडाउनमध्ये खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेला होता. अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. त्याच दिवसांत मुंबईतले काही चाकरमानी रेल्वेच्या रुळांवरून चालत गाव गाठत होते. आठवण करून दिली तर काका म्हणाले, "चालायचाच." मला शेजारणीच्या संतापापेक्षा या 'चालायचाच'ची जास्त भीती वाटते. तिने निदान काही अपेक्षा ठेवली होती.

मग भाऊ स्वतःच शाळेचं सांगायला लागला. २०२० च्या चवथीला येणाऱ्यांना १० दिवस क्वारंटाइन होतं. तो आणि वहिनी ११ ऑगस्टला पोचले आणि थेट मराठी शाळेच्या चौथीच्या वर्गात गेले. फळ्यावर मार्चमधला सुविचार तसाच होता. काका रोज दुपारी यायचे, डबा गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावर, ठेवायचे आणि मागे जांभळीखाली जाऊन उभे राहायचे. याने डबा उचलला, झाकण उघडून बघितलं, की मग ते वळायचे. पावसात एकदा डबा घसरून पडला. सोलकढी चिऱ्यांवरून ओघळली, आणि दोघेही आपापल्या जागी नुसते बघत राहिले. संडासावरून याने गावच्या समितीशी दोनदा भांडण काढलं. पण १० दिवस काढले आणि चवथीच्या आदल्या दिवशी सुटला.

मी विचारलं, "पळालास कसा नाहीस?"

"सरपंचाचो झील बाजूच्या वर्गात होतो," तो म्हणाला. "नायतर पयल्याच राती गडग्यावरसून उडी."

आमचं गाव काही संतांचं नाही. त्याच समितीने मे महिन्यात मुंबईहून आलेल्या एका बाईला दोन पोरांसकट भर रात्री वेशीवर अडवून ठेवलं होतं. त्याबद्दल आजवर तिला कोणी एक शब्द बोललेलं नाही. ती आता चवथीला येतच नाही. पण सरपंच आणि तो पत्र देणारा अधिकारी सारखेच, असं माझ्या भावाच्या तोंडून मला वदवून घेता आलं नाही. मी प्रयत्न केला.

"५० पौंड म्हणजे किती रे?" त्याने विचारलं.

"तेव्हाचे पाचेक हजार."

"आमका मास्क नाय तर दोनशे होते मुंबैक. दोनदा भरलंय. पावती आसा अजून." आणि उसळीचं पातेलं त्याने माझ्याकडे सरकवलं.