हॅझर्ड कधी लावायचे, कधी नाही

एका लेखात ‘धुक्यात चारही इंडिकेटर (म्हणजे हॅझर्ड) चालू ठेवून गाडी चालवा’ असं म्हटलंय, ते पटलं नाही. हॅझर्ड चालू असताना बहुतेक गाड्यांत वळण्याचा इंडिकेटर दिसतच नाही, आणि मागच्याला वाटतं गाडी उभी आहे. धुक्यात डिपर (हेडलाइटचा खालचा झोत) आणि मागचा फॉग लॅम्प (धुक्यासाठीचा लाल दिवा), बस.

खरा उपयोग खंबाटकीसारख्या घाटात किंवा हायवेवर पुढची रांग अचानक थांबली तर. ब्रेक एकदम न दाबता आधी दोन-तीनदा हलका दाबायचा, लगेच हॅझर्ड, आणि नजर आरशात. पुढच्या गाडीपासून निदान एका गाडीइतकी जागा सोडून, गिअर टाकूनच थांबायचं. मागचा थांबत नाही असं दिसलं तर बाजूला सटकता येतं. मागे दोन-तीन गाड्या थांबल्या की हॅझर्ड बंद.

सांगली-साताऱ्याकडं गाळप हंगामात रात्रीची उसाची ट्रॉली हा वेगळाच विषय. टेललाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले. ती ताशी २०नं, तुम्ही ८०नं, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर मिटतं. डिपरमध्ये ती ५० मीटरवर दिसली तर हातात ३ सेकंद. तिथं ताशी ५०च्या वर जाऊच नये. ट्रॅक्टरवाल्यांनीही रिफ्लेक्टर रोज फडक्यानं पुसावेत, पैसे पडत नाहीत!