तीन-दोन म्हणजे चोरी नव्हे, बाबांनो

कालपासून प्रत्येक ग्रुपवर बॉक्सिंगच्या लढतीची अठरा सेकंदांची एकच क्लिप फिरतेय. ब्लू कॉर्नरचा पोरगा गुडघ्यावर जातो, रेफरी आठपर्यंत मोजतो. त्याखाली निकालाचा फोटो, हात ब्लूचाच वर. अन् मथळा काय, तर "आपल्या लेकराला लुटलं". आपलं लेकरू म्हणजे रेड कॉर्नरचं. लढत युथ गटाची होती. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. बाकीची आठ-साडेआठ मिनिटं कोणी पाहिली का? की पाहून गिळून टाकली?

आपण यात्रेतल्या फडावर वाढलेली माणसं. पाठ टेकली की हलगी थांबते अन् निकाल लागतो. तीच नजर घेऊन रिंगभोवती बसायचं आणि जो पडला तो हरला असं धरून चालायचं. हौशी बॉक्सिंगमध्ये खाली पाडल्याचे वेगळे गुण नसतात. ज्या ठोशानं पोरगा बसला तो एक चांगला ठोसा म्हणून धरला जातो, बस. प्रोफेशनलमध्ये पडलेल्याला ती फेरी साधारण १०-८ नं जाते. टीव्हीवर ते पाहून इथं ओरडायचं नाही.

मोजतात कसं ते एकदा नीट वाचा. पाच जज, रिंगच्या चारही बाजूंना विभागून बसलेले. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येकजण स्वतःपुरता विजेता ठरवतो. जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९. फारच एकतर्फी असेल तर ८, अगदी धुतला असेल तर ७. बरोबरीची फेरी देता येत नाही. ठोसा धरायचा तो बंद मुठीच्या पुढच्या गाठींनी मारलेला, डोक्याच्या किंवा पट्ट्यावरच्या अंगाच्या समोर-बाजूला, वजन घालून बसलेला. हातावर, ग्लोव्हवर अडला तर शून्य. उघड्या पंजाची थप्पड शून्य, प्रेक्षकांतून कितीही आवाज आला तरी. मग बघायचं की लढत कोण चालवतंय, अंतर कोण ठरवतंय, अन् शेवटपर्यंत झुंजतंय कोण.

आता कालची लढत. पहिल्या फेरीत आपला रेडचा पोरगा मागंमागं सरकत दोरीला टेकला, पाचही जजनी ब्लूला दिली. दुसरी अटीतटीची, तीन ब्लूकडे, दोन रेडकडे. तिसरीत ब्लूवर तो काउंट झाला, पाचही रेडकडे, १०-९. आता बेरीज करा. तीन जजच्या कार्डावर ब्लू २९-२८, दोघांच्या कार्डावर रेड २९-२८. निकाल ३-२, ब्लू. यात चोरी कुठंय?

"तिसरी १०-८ द्यायला पाहिजे होती." बरं, दिली. मग त्या तिघांच्या कार्डावर २८-२८ होतं, अन् त्यांना विजेता निवडावाच लागतो. ते कोणाला निवडले असते? सांगता येत नाही. एवढं मान्य करतो, पुढं जातो.

आणि ही गंमत फक्त आपल्या जिल्ह्यात होत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मेरी कोम कोलंबियाच्या इन्ग्रिट व्हॅलेन्सियाकडून हरली, तेव्हा दुसरी अन् तिसरी फेरी ३-२ नं मेरीचीच होती. पहिली ४-१ नं गेली होती. फेऱ्या दोन जिंकल्या, लढत ३-२ नं गेली. कारण फेऱ्या मोजतच नाहीत, प्रत्येक जजचं आपलं कार्ड मोजतात. अन् निकाल हा त्या पाच कार्डांचा कौल.

हां, जज धुतल्या तांदळासारखे असतात असं मी म्हणत नाही. १९८८ ला सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनिअरचे ८६ ठोसे लागले, कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२, आणि सुवर्णपदक पार्कला, तेही ३-२ नं. म्हणून तर १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये जजच्या हाती गुण द्यायची बटणं आली. पाचांपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. त्यातून काय झालं? पोरं टिचकी मारून पळायला शिकली, पोटातले ठोसे कोणी मोजेना. २०१३ ला ते गुंडाळलं. मग २०१६ चं रिओ ऑलिम्पिक, तिथंही निकालांवरून ओरड झाली, अन् त्यानंतर तिथल्या सगळ्या ३६ रेफरी-जजना बाजूला बसवलं. शंका घ्यायला जागा आहेच. पण अठरा सेकंदांच्या क्लिपवर नाही.

आपल्या रेडच्या पोराचं वाईट वाटतं, खरंच. हाताच्या पट्ट्याही न सोडता कोपऱ्यात बसून रडत होता. त्याच्याजवळ जाऊन "पहिल्या फेरीत तू जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकलाच नाहीस, दोरीवरून बाजूला निघाला नाहीस" असं सांगायला हवं होतं. त्याचे कोच मात्र जजच्या टेबलाशी हुज्जत घालत होते. मिठी मारून धरल्याबद्दल पोराला दोनदा ताकीदही मिळाली होती. त्याच्या वरची पायरी, म्हणजे वॉर्निंग, झाली असती तर प्रत्येक कार्डावरून एक गुण गेला असता. मग त्या दोन जजच्या कार्डावरही बरोबरी झाली असती.

राग काढायचाच असेल तर आयोजकांवर काढा! एका जजची खुर्ची पाहुण्यांच्या सोफ्याला खेटून होती. हार-तुरे घेऊन माणसं मध्ये उभी. त्या जजला पाठमोऱ्या पोराच्या पोटात बसलेले ठोसे कसे दिसावेत? जजच्या आजूबाजूला कोणी नसावं हा नियम आहे, शिष्टाचार नव्हे. अन् फेरीगणिक गुण जाहीर केले असते तर आपल्या कोचला दुसऱ्या फेरीनंतर कळलं असतं की तीन कार्डांवर आपण दोन्ही फेऱ्या हरलोय, आता नुसती तिसरी जिंकून भागत नाही, एक तर लढत थांबवायला लावा नाहीतर फेरी १०-८ नं काढून निदान बरोबरीवर तरी आणा.

पाच कार्डं माइकवर वाचायला मिनिटभर लागतं. काल सत्कारांना पाऊण तास मिळाला होता. पुढच्या स्पर्धेच्या बैठकीला जे जाणार असतील त्यांनी एवढे दोनच मुद्दे मांडा: जजच्या खुर्च्या मोकळ्या, अन् प्रत्येक फेरीचे गुण बोर्डावर. क्लिप शेअर करायला नंतर या.