‘अडाणीपणा’ या शब्दाबद्दल

थेम्स नदीवरच्या मध्ययुगीन, जुन्या लंडन ब्रिजवरच्या माझ्या लेखाखाली आपण सविस्तर लिहिलंत. पूल ११७६ साली ‘बांधला’ हे चूक, लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कातले पुलाचे दगडी कोनाडे मध्ययुगीन नाहीत, संदर्भ दिलेले नाहीत, आणि शेवटी हे वाक्य: ‘‘अर्ध्याहून जास्त नदी अडवणाऱ्या पुलाला अभियांत्रिकी नाही, अडाणीपणा म्हणतात.’’

पहिला मुद्दा एकदम मान्य. ११७६ला काम सुरू झालं, १२०९ला पुरं झालं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण पूल उभारणाऱ्या कोलचर्चच्या पीटरने या कामात हयात घालवली, काम पुरं व्हायच्या चार वर्षं आधी तो गेला आणि पुलावरच्याच चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, त्याला पुरलं. अशा माणसाच्या कामावर एका शब्दाचा शिक्का मारायचा आणि पुढे निघायचं, ही कुठली रीत?

माझे वडील तीस वर्षं पुलांच्या पायाच्या कामावर होते. नदीत काँक्रीटची विहीर उतरवायची, आतला गाळ उपसत तिला खाली न्यायचं, हे त्यांचं काम. पावसाळ्यात रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन ते पुलावर जायचे. दोरीला लोखंडी वजन बांधलेलं असे, दोरीला हातभर अंतरावर गाठी. ते खांबाजवळ सोडायचं आणि गाठी मोजायच्या. कालच्यापेक्षा एक गाठ जास्त गेली, म्हणजे तळ तेवढा खरवडला गेला. अशा रात्री ते घरी आले की कुणाशी बोलत नसत. पाण्यात पाया घालणं काय असतं ते मी त्या घरात शिकलोय. त्यामुळे ‘अडाणीपणा’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही.

भरती-ओहोटीच्या थेम्समध्ये, पंप नसताना, त्या लोकांनी एल्म झाडाचे सोट तळात ठोकले, मध्ये दगड भरले, वर ओकच्या तुळया टाकल्या आणि त्यावर खांब उभे केले. असे १९ गाळे, म्हणजे खांबांमधल्या कमानी. खांबांभोवती नावेच्या आकाराचे ओटे केले, त्यांना स्टारलिंग म्हणत. प्रवाहाने ओटे झिजले की दुरुस्ती, आणि दर दुरुस्तीत ओटा आणखी रुंद. पाण्याची वाट त्यामुळेच अरुंद झाली. ओहोटीला पुलाखाली धबधबा व्हायचा, होड्या उलटायच्या. हे सगळं मूळ लेखात आहे. आपण तिथवर वाचलंत असं वाटत नाही.

आणि वाट मोकळी केली तेव्हा काय झालं? १७५९ साली मधला एक खांब काढून दोन गाळ्यांची एक मोठी कमान केली. पाणी तिथे असं घुसलं की शेजारच्या खांबांचा तळ निघायला लागला. शेवटी नावाजलेला अभियंता जॉन स्मीटनला बोलावलं. शहराच्या वेशी नुकत्याच पाडल्या होत्या. ते विकलेले दगड परत घेऊन नदीत टाका, असं त्याने सांगितलं, आणि दगड टाकले तेव्हा पूल वाचला. स्मीटन तर अडाणी नव्हता ना?

१२८२च्या हिवाळ्यात बर्फाने पाच गाळे पडले, ते पुन्हा बांधले. शतकानुशतकं घरांचं ओझं वाहिलं. १८३१ला नवा पूल झाला तोवर हाच वापरात होता. ६२२ वर्षं.

कोनाडे १७६०च्या सुमाराचे आहेत, बरोबर. पण ते त्याच पुलावर होते, तेव्हा अवशेष म्हटलं तर एवढं बिघडलं काय? संदर्भांचं म्हणाल तर हा ब्लॉग आहे, प्रबंध नाही.

लंडनमधल्या सेंट मॅग्नस चर्चच्या अंगणात जुन्या पुलाचे दगड ठेवलेत. मी गेलो तेव्हा पाऊस पडून गेला होता. एका दगडाच्या खाचेत पाणी साठलं होतं. मी त्यात बोट घालून खोली पाहिली, पहिल्या पेरापर्यंत आली. आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. तो एक शब्द तेवढा आपणच मागे घ्यावा, एवढी विनंती आहे.