‘आणि साथीदार’

परवा भाची घरी आली होती. अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टनचं ‘हाऊ विल आय नो’ लागलं होतं आणि मी उगाच शायनिंग मारायला म्हणालो, "यात गिटार वाजवणारा माणूस इटलीतल्या नेपल्सचा आहे, माहितीये?"

ती म्हणाली, "मामा, पण यात गिटार कुठंय?"

झाली पंचाईत. हेडफोन लावून तीनदा ऐकलं. ड्रम कळतात, सिंथवरचा (म्हणजे सिंथेसायझरवरचा) बेस कळतो, सॅक्सोफोन कळतो. गिटार काही बोट ठेवून दाखवता येईना. आणि मी एकेकाळी चार वर्षं लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेला माणूस!

कारण असं की श्रेयनामावलीत या नेपल्सवाल्याच्या, कोरादो रुस्तिचीच्या नावापुढे नुसतं गिटार नाही, ‘गिटार सिंथ’ लिहिलंय. म्हणजे गिटारच्या तारांखाली, ब्रिजला (तारा टेकतात त्या पट्टीला) चिकटून एक वेगळा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन टिपणारा तुकडा, बसवतात. तो सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल घेतो, यंत्र त्यावरून सूर ओळखतं आणि सिंथ तो सूर आपल्या आवाजात वाजवतो. आता सूर ओळखायचा तर तारेचं निदान एक कंपन तरी पुरं व्हायला हवं. जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद. बारीक तारेला फक्त ३. त्यामुळे जाड तारेवरचा सूर मागे रेंगाळतो, आणि ते सांभाळून ठेक्यात बसायचं असतं. मी एका मित्राचं असलं जुनं यंत्र वाजवून पाहिलंय. शेजारच्या तारेला बोट जरा घासलं की ते शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ओरडतं. पंधरा मिनिटांत मी गिटार मित्राच्या हातात परत दिली.

असो. मला बोलायचंय ते ‘आणि साथीदार’बद्दल.

मी एका भक्तिगीतांच्या कॅसेटवर दोन दिवस वाजवलं होतं. वर गायकाचा मोठा फोटो, संगीतकाराचा छोटा, आतल्या कागदावर दोन वादकांची नावं आणि पुढे ‘आणि साथीदार’. त्या साथीदारांत मी. पाकीट तीन महिन्यांनी मिळालं, तेही ठरल्यापेक्षा हलकं. आईने मात्र ती कॅसेट शोकेसमध्ये ठेवली होती, आतला कागद बाहेर काढून, ‘साथीदार’ दिसेल असा.

त्यामुळे अशा वादकांवर हळहळणाऱ्या पोस्ट दिसल्या की मी वाचतो. ‘पडद्यामागचे उपेक्षित’, ‘आयुष्यभर दुसऱ्यासाठी वाजवत राहिले’, वगैरे. पैसे बुडवले, नाव गाळलं, तर जरूर ओरडावं. पण दुसऱ्यासाठी वाजवणं हीच जणू काही शोकांतिका, हे मला पटत नाही. रुस्तिचीचा प्रवास बघा.

जन्म १९५७, नेपल्स. थोरला भाऊ दानिलो हा ‘ओसान्ना’ या बँडचा गिटारवादक. सत्तरच्या दशकात इटलीत प्रोग्रेसिव्ह रॉकचा (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा) नुसता पूर आला होता, त्यात नेपल्सचं पाणी वेगळंच. १९७३ मध्ये धाकट्याच्या ‘चेर्वेल्लो’ या बँडचा ‘मेलोस’ नावाचा अल्बम आला. चेर्वेल्लो म्हणजे मेंदू. पोरगा तेव्हा जेमतेम सोळाचा. या अल्बमात कीबोर्ड औषधालाही नाही. जे काही भारलेलं, धुकट वाटतं ते गिटार, बासरी आणि सॅक्सोफोनमधून काढलेलं. गिटारकडून गिटारचा नसलेला आवाज काढायची खोड तेव्हापासूनची, असं माझं मत. चेर्वेल्लोचा हा एकच अल्बम, मग बँड संपला.

पुढे हा आणि सॅक्सोफोन वाजवणारा एलिओ दान्ना लंडनला गेले आणि ‘नोव्हा’ नावाचा बँड उभा राहिला. १९७६ मध्ये त्यांचा एक अल्बम आला, त्याचं नाव ‘विमाना’. हो, आपलंच विमान, पुष्पक वगैरे. ड्रमवर नारद मायकल वॉल्डन. हा अमेरिकन, गिटारवादक जॉन मॅक्लाफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये वाजवलेला; ‘नारद’ हे नाव त्याला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. तालवाद्यांवर फिल कॉलिन्स. आणि कोंगावर, म्हणजे हातांनी वाजवायच्या त्या उंच ढोलांवर, कोण? आपले माहीमचे झाकीर हुसेन.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. १९७६ म्हणजे मॅक्लाफ्लिन आणि झाकीरभाईंच्या ‘शक्ती’ या बँडचा पहिला अल्बम आला ते वर्ष. झाकीरभाई तेव्हा पंचविशीतले, आणि लंडनमध्ये जम बसवू पाहणाऱ्या इटालियन पोरांच्या अल्बमवर कोंगा वाजवतायत. तबलासुद्धा नाही, कोंगा! त्या अल्बमपुरते तेही ‘आणि साथीदार’च. कुणी म्हणेल का, बिचारे उपेक्षित?

नोव्हा १९७८ पर्यंत टिकला. पण त्यातली एक ओळख टिकली, आणि रुस्तिचीचं पुढचं आयुष्य तिच्यावर उभं आहे. वॉल्डन ड्रम वाजवता वाजवता निर्माता (रेकॉर्डिंगमध्ये गाणं कसं घडवायचं ते ठरवणारा) झाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास त्याने गाण्यांचा कारखानाच काढला. त्याच्या हाताखाली ठरलेली टोळी: बेसवर रँडी जॅक्सन, कीबोर्डवर वॉल्टर अफानासिएफ, गिटारला आपला नेपल्सवाला. १९८५ ला गायिका अरेथा फ्रँकलिनचं ‘फ्रीवे ऑफ लव्ह’. त्याच वर्षीच्या व्हिटनीच्या पहिल्या अल्बमातलं वर सांगितलेलं गाणं, १९८७ ला ‘आय वॉना डान्स विथ समबडी’. हे शेवटचं आपल्याकडे आजही लग्नाआधीच्या ‘संगीत’मध्ये लागतं, आणि त्यावर नाचणाऱ्यांत रुस्तिची हे नाव ऐकलेला एकही नसतो. तिथेही त्याच्या हातात गिटार सिंथच.

तिकडच्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगचं सत्र साधारण तीन तासांचं धरून किमान दर बांधून घेतलेत. वेळ वाढली तर जादा पैसे. माझं ते हलकं पाकीट आठवून मी हे दोनदा वाचलं. रुस्तिचीची थोरवी सांगताना हेही सांगायला हवं, की तिथे साथीदार असण्याला एक धंदा म्हणून उभं राहायला जागा होती.

आता खरी गंमत. जो माणूस घर सोडून दुसऱ्यांच्या गाण्यांत विरघळून गेला, त्याच्याकडे घरची माणसं यायला लागली. झुक्केरो नावाचा गायक १९८५ च्या सानरेमो या इटलीतल्या गाण्यांच्या स्पर्धेत ‘दोन्ने’ हे गाणं घेऊन उतरला आणि शेवटून दुसरा आला. आज तो इटलीच्या बाहेरही नाव असलेला गायक आहे, पण तेव्हा त्याला कुणी फार विचारत नव्हतं. रुस्तिचीने त्याचे ‘रिस्पेत्तो’ (१९८६), ‘ब्लूज’ (१९८७) आणि ‘ओरो इंचेन्सो ए बिर्रा’ (१९८९) हे अल्बम निर्माता म्हणून केले. त्या शेवटच्या नावाचा अर्थ सोनं, धूप आणि बीअर. येशूच्या जन्माला आणलेल्या भेटींतलं गंधरस काढून तिथे बीअर घातलीय. या अल्बमात एरिक क्लॅप्टनची गिटार आहे. विचार करा, स्वतः गिटारवादक असलेला निर्माता दुसऱ्या गिटारवादकासाठी खुर्ची सोडतो. आमच्या ऑर्केस्ट्रात यावरून मारामाऱ्या झाल्यात.

एलिसा नावाची मोनफाल्कोने या गावची तरुण मुलगी ‘पाइप्स अँड फ्लॉवर्स’ (१९९७) हा पहिला अल्बम करायला कॅलिफोर्नियात त्याच्याकडे गेली. इटालियन मुलगी, इटालियन निर्माता, आणि गाणी इंग्रजीत. पुढे नेग्रामारो या इटालियन बँडचा ‘मेंत्रे तुत्तो स्कोर्रे’, लिगाबुए या तिकडच्याच गायकाचा ‘अर्रीवेदेर्ची, मोस्त्रो!’. चार मिनिटांच्या गाण्यात कुठे थांबायचं हे तो वॉल्डनच्या टोळीत राहून शिकला आणि तीच अक्कल त्याने मायदेशाला विकली, असं मी म्हणेन. नेपल्समध्ये बसून आणखी चार ‘मेलोस’ केले असते तर ही अक्कल आली असती का? मला नाही वाटत.

सगळंच आवडतं असं नाही. त्याच्या निर्मितीत मला कधी कधी पॉलिश जास्त लागतं. फरशी इतकी चकचकीत की चालताना पाय घसरावा. आणि त्याचे एकट्याचे अल्बम मी एका बैठकीत पूर्ण ऐकू शकत नाही. दुसऱ्याच्या गाण्यात चार सुरांत भागवणारा माणूस स्वतःच्या घरी इतका बोलका कसा होतो, कोण जाणे. २०१६ च्या अशाच एका अल्बमचं नाव आहे ‘अहम्’. जन्मभर साथीदार राहिलेल्या माणसाने हे नाव ठेवावं! त्याला उपनिषदातलं अहम् म्हणायचं असणार. मला मात्र वाचताक्षणी आईच्या शोकेसमधला तो कागद आठवला.

२०१७ मध्ये चेर्वेल्लो जपानात पुन्हा एकत्र आले. एका अल्बमाचा बँड, ४४ वर्षांनी. त्याचं ध्वनिमुद्रण मिळतं, ऐका.

भाचीला अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या परत हेडफोन घेऊन बसणार आहे.

आणि एक विनंती. कुणाच्या घरी माळ्यावर ‘विमाना’ची जुनी एलपी असेल तर कळवा. विकत मागत नाहीये. फक्त मागच्या बाजूचा फोटो पाठवा, कोंगाची ओळ दिसेल असा.