झाकण उघडायचं नाही

घरातला धूर बाहेर जावा म्हणून माणसाने धुराडी बांधली, भिंतींना खिडक्या पाडल्या, चुलीवर पंखे बसवले आणि एवढ्यानेही भागेना तेव्हा छताला किंचाळणारे अलार्म चिकटवले. हे सगळं व्यवस्थित पार पडल्यावर मी पदरचे पैसे घालून एक पत्र्याचं पिंप आणलं. त्याचं काम एकच. धूर करायचा आणि आत कोंडून ठेवायचा.

बायकोने पिंपाभोवती एक चक्कर मारली.

"हे काय करतं?"

"धूर."

"आणि?"

"आणि त्या धुरात मांस शिजतं. हळूहळू."

"हळूहळू म्हणजे?"

इथे मी विषय बदलला. खरं उत्तर तिला पिंप परत करण्याची मुदत संपल्यावर कळलं. 4 किलोचा पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचा तुकडा, 110 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवला तर शिजायला 13-14 तास सहज घेतो, आणि त्याची मर्जी फिरली तर 16. रात्री आठला पानं मांडायची असतील तर पहाटे चारला कोळसे पेटवावे लागतात. कुठल्याही परीक्षेसाठी किंवा गाडी पकडण्यासाठी मी कधी चारला उठलेलो नाही. मांसासाठी उठतो. बायकोने याची मनात नोंद करून ठेवली आहे आणि ती योग्य प्रसंगी वाचून दाखवली जाईल, याबद्दल मला शंका नाही.

आच वाढवून लवकर का उरकत नाही, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. खांदा हा जनावराने जन्मभर राबवलेला अवयव. त्यात कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन ठासून भरलेलं असतं. ते 70 अंशांच्या पुढे सावकाश विरघळत जिलेटिन होतं आणि तेव्हा कुठे मांस बोटांनी सुटण्याइतकं मऊ पडतं. आच वाढवली तर बाहेरून करपतं आणि आत दोरखंड तसाच राहतो. कोलॅजेनला तुमच्या पाहुण्यांशी काही देणंघेणं नाही.

बाकीच्या छंदांत काहीतरी करायला मिळतं. चित्रकार ब्रश हलवतो, गाणारा निदान तोंड उघडतो. इथे पहिल्या तासाभरात कोळसे पेटवायचे, पाण्याचं तसराळं ठेवायचं, लाकडाचे दोनचार ठोकळे टाकायचे, खालची झडप जराशी उघडी ठेवायची, मीठ-मसाला चोळलेलं मांस जाळीवर ठेवायचं आणि झाकण लावायचं. संपलं. पुढचे बारा-तेरा तास तुमची कामगिरी एवढीच की झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी उघडलं की कोंडलेली ऊब निघून जाते, वर ताजी हवा मिळाल्याने कोळसे पेटून उठतात, आणि 110 वर रांगेत बसवलेला काटा आधी 80 ला लोळतो आणि मग 140 ला उडी मारतो.

असं झाकण घरोघरी कुणी पोचवलं, तेही ठाऊक आहे. 1952 साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ पाण्यात तरंगणारे लोखंडी बोये बनवायचा. त्याने एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याची शेगडी केली आणि वरच्या अर्ध्याचं झाकण. वारा आणि पाऊस यांच्यापासून अन्न वाचलं. 'जरा बघू की' म्हणणाऱ्या मेहुण्यापासून वाचवणारा भाग त्याला सुचला नाही.

मेहुणा वाईट नाही. त्याला फक्त बंद झाकण सहन होत नाही. तो आला की मी पिंप आणि तो यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसतो. तरी पाणी प्यायला म्हणून आत जावं आणि बाहेर येऊन पाहावं तर साहेब एका हातात झाकण धरून आत डोकावताहेत. "काही झालेलं नाहीये अजून," तो मलाच माहिती पुरवतो.

लाकडाचं प्रकरण याहून नाजूक. सफरचंद आणि चेरीचं लाकूड सौम्य, ओक मधला, हिकरी दणदणीत आणि मेस्कीट तर थेट अंगावर येणारं. चीड-देवदाराच्या जातीचं लाकूड चालत नाही, त्यात राळ असते आणि तिचा कडवटपणा जिभेवरून हलत नाही. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल नावाची संयुगं सुटतात. धुराची चव मुख्यतः पहिल्याची, वास दुसऱ्याचा. ही नावं मी चारचौघांत टाकायला लागलो तेव्हापासून चारचौघं कमी झाले आहेत. छंदात मुरलेले लोक घास घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, "यात शेवटी चेरी येते." मीही डोळे मिटतो. काही येत नाही. तरी मान हलवतो, कारण न हलवणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत.

एकदा सासरे मोठ्या प्रेमाने अडगळीतून मोडक्या खुर्चीचा पाय घेऊन आले. "घ्या, जुनं लाकूड आहे. असं आता मिळत नाही." लाकूड खरंच उत्तम होतं आणि त्यावरचं पॉलिशही. रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड पेटवलं तर त्यातली रसायनं सरळ जेवणात उतरतात, हे सासऱ्यांना दुखवल्याशिवाय कसं सांगावं ते मला सुचेना. मी तो पाय दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावायचा तेवढा बाकी ठेवला, आणि म्हणालो, "बाबा, हा खास प्रसंगासाठी जपून ठेवतो." आता ते प्रत्येक वाढदिवसाला विचारतात, खुर्ची लावली का म्हणून.

धुराबद्दल सगळ्या जगाचा एक समज आहे, जेवढा दाट तेवढा उत्तम. प्रत्यक्षात पेटताना निघणारा जाड पांढरा धूर हा अर्धवट ज्वलनाचा. तो मांसावर क्रिओसोटचा, म्हणजे डांबरासारख्या कडवट द्रव्याचा, थर चढवतो आणि घास घेणाऱ्याला डांबरी रस्त्याची आठवण येते. हवा असतो तो विरळ, निळसर, नजर रोखून पाहिल्याशिवाय न दिसणारा. त्यामुळे होतं काय, की कोळसे नुकते पेटत असताना जो ढग उठतो तो सगळी आळी बघते, आणि पुढे धूर साधला की बघण्यासारखं काही उरतच नाही. त्या पहिल्या ढगाच्या मुहूर्तावर शेजारच्या काकू दोरीवर चादरी घालतात. वारा नेहमी माझ्याकडून त्यांच्याकडे वाहतो. हवामान खात्याने कुठलीही दिशा सांगितली असली तरी.

"काय जळलं रे?" काकू भिंतीवरून विचारतात.

"काही नाही, काकू. अजून सुरूच झालेलं नाही."

त्यांनी त्या दिवशी चादरी परत धुतल्या. मी त्यांना शिजलेलं मांस पाठवीन म्हणालो, तर म्हणाल्या, "नको. चादरीला वास आहे, तेवढ्यावर भागेल."

हे सगळं उघड्यावरच करावं लागतं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, म्हणून घरात, गॅरेजात किंवा झाकलेल्या गॅलरीत हा उद्योग कधीही करायचा नसतो. या बाबतीत माझ्याकडे विनोद नाही. पण मग पाऊस आला की काय करायचं? थंड पाणी पत्र्यावर पडलं की आतलं तापमान घसरतं. मी पिंपावर छत्री धरतो. छत्री एक आहे. ती पिंपावर असते आणि मी पावसात असतो. खिडकीतून मुलगी फोटो काढते. घरच्यांच्या ग्रुपवर तो फोटो फिरतो आणि खाली मामा लिहितो, 'तब्येतीला जपा.' कुणाच्या, ते लिहीत नाही.

माझ्याकडे दोन सळयांचा थर्मामीटर आहे. एक सळई मांसात, एक जाळीपाशी. झाकणावर कारखान्यातून बसवून आलेली तबकडीही आहे, पण ती झाकणाच्या उंचीवरची हवा मोजते आणि मांस तिथे राहत नाही. आकडे फोनवर येतात. लग्नाच्या पंगतीत, दंतवैद्याच्या खुर्चीवर, कुठेही. तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी आई बसते तसा मी त्या आकड्यांपाशी बसून असतो, फरक एवढाच की मला ताप वाढायला हवा असतो.

आणि तो वाढतो. सकाळभर छान वाढतो. 40, 50, 60. दुपारी मी निर्धास्त होऊन पाहुण्यांना फोन करतो, "आठ म्हणजे आठ. या." फोन ठेवतो, आकडा 68. अर्ध्या तासाने 68. तासाने 68. मग 67.

या अवस्थेला छंदिष्ट लोक 'स्टॉल' म्हणतात. पिंप तापलेलं, कोळसे लाल, सगळं यथासांग, आणि मांस मात्र दोनचार तास जागचं हलायला तयार नाही. पूर्वी लोक म्हणत, चरबी वितळायला उष्णता लागते म्हणून. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे तपासलं. त्याने पाण्याने भिजवलेला स्पंज आणि नुसत्या चरबीचा गोळा तापवून पाहिला. चरबी गुमान वर चढत गेली. अडकला तो स्पंज. म्हणजे मांसाला घाम फुटतो, घाम वाळताना थंडावा येतो आणि कोळशाची सगळी मेहनत तो घाम वाळवण्यात खर्च होते. हे वाचून मला जिव्हाळा वाटला. त्या वेळी घाम मलाही फुटलेला असतो.

यावर उतारा आहे. मांस अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचं, की बाष्पीभवन थांबतं आणि आकडा पुन्हा चढू लागतो. याला 'टेक्सास क्रच' म्हणतात, म्हणजे टेक्सासची कुबडी. कर्मठ लोक ती घेत नाहीत. गुंडाळल्याने बाहेरची काळी खरपूस साल, जिला 'बार्क' म्हणतात, ती मऊ पडते. मी स्वतः कर्मठ आहे, दुपारी चारपर्यंत. पाचला दारावरची बेल आठवू लागते आणि मी फॉइलचं भेंडोळं शोधतो.

तरी आठ वाजतात, पाहुणे येतात आणि आकडा 81 असतो. लागतात 95.

मधल्या काळात पाहुण्यांना काय द्यायचं? घरात जे जे आहे ते सगळं मी आधीच धुरात घातलेलं असतं. बदाम दिले. ते उत्तम होतात, वाद नाही. मीठ तर आळशी माणसाचा पदार्थ आहे, ताटात पसरून ठेवलं की आपोआप धूर पितं. चीजला 30 अंशांच्या आत, थंड धुरात ठेवावं लागतं, नाहीतर ते जाळीतून खाली येतं. नंतर गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडा-दोन आठवडे मुरवावं लागतं. कालच धुरवलेल्या चीजवर मी मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये' लिहून ठेवलं होतं. मेहुण्याने खाल्लं. राखदाणी चाटल्याचा चेहरा करून म्हणाला, "वेगळं आहे." बर्फही धुरवता येतो. ट्रेमध्ये तो वितळतो, पाणी धूर शोषतं, मग ते परत गोठवायचं. पाहुण्यांच्या लहान मुलाने सरबताचा एक घोट घेऊन आईला विचारलं, "आई, यांच्या घरी पाणीपण जळतं?"

साडेनऊला आकडा 95. सळई कुठेही अडखळत नाही. मी मांस बाहेर काढतो, जाड टॉवेलांत गुंडाळतो आणि बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवून झाकण लावतो.

"झालं?" सासूबाई विचारतात.

"झालं."

"मग वाढायचं का?"

"नाही, आई. आता तासभर त्याला विश्रांती द्यायची. रस परत आत मुरतो."

सासूबाई पेटीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "पहाटेपासून उताणं पडलंय ते. आणखी कसली विश्रांती?"

साडेदहाला कापायला घेतलं. सालीच्या आत गुलाबी कडा. एका पाहुण्याने हळूच बशी मागे सरकवली, "कच्चं राहिलंय वाटतं." कच्चं नसतं. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन नावाच्या लाल रंगद्रव्याला धरून बसतो आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही जात नाही. त्या कडेला चव काडीची नसते, फोटोत मात्र शोभते. हे सगळं मी सांगेपर्यंत त्यांची बशी दुसऱ्याने रिकामी केली होती. पंगत गप्प झाली. मग "वा", मग "काय धूर लागलाय", मग नुसते चावण्याचे आवाज. काकूंच्या घरातूनही कुणीतरी बशी घेऊन आलं. काकू स्वतः आल्या नाहीत, पण बशी मोठी होती.

मी घास घेतला. मीठ लागलं, मऊपणा लागला. धूर अजिबात नाही. दिवसभर धुरात बसलेल्या नाकाला धूर कळेनासा होतो, हा या छंदाचा शेवटचा टोला. ज्याने धूर केला त्याला सोडून सगळ्यांना तो लागतो. त्यावर जाणकारांचा सल्ला असा की जेवणाआधी आंघोळ करावी, कपडे बदलावेत. म्हणून पाहुणे जेवत असताना यजमान डोक्याला शॅम्पू लावून उभे होते.

परत आलो तोवर पातेल्यात फक्त टोकाचे तुकडे उरले होते, तिन्ही बाजूंनी साल चढलेले, काळेकुट्ट. बायको म्हणाली, "करपलेले तेवढे राहिले बघ. तुला दुसरं काही करून देऊ का?" सगळ्या तुकड्यातला सर्वांत जास्त धूर, सर्वांत जास्त मसाला आणि सर्वांत दाट रस तिथेच असतो. मी म्हणालो, "राहू दे. चालवून घेतो." पुढच्या खेपेला मेहुण्याने ते आधीच वेगळे काढून माझ्या पानात ठेवले, वर सहानुभूतीने पाठीवर हात फिरवला. मी त्याला काही सांगितलेलं नाही.