दाढ इकडे, डॉक्टर तिकडे

दाढ दुखायला लागली ती नेमकी गाडी गॅरेजमध्ये पडलेली असताना. डॉक्टर शेजारच्या काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), पंचवीस मैलांवर. अमेरिकेच्या खेड्यात पंचवीस मैल म्हणजे कोपऱ्यावरच, पण बुडाखाली स्वतःची गाडी असेल तर. नसेल तर काउंटीची बस. ती थांब्यावर येत नाही, कारण थांबाच नाही. आदल्या दिवशी फोन करून तिला पाहुण्यासारखं घरी बोलवावं लागतं. येतेही पाहुण्यासारखीच: नऊची म्हणाली तर पावणेनऊ ते सव्वानऊ कधीही.

फोन लावला. पलीकडच्या बाई मला ‘हनी’ म्हणाल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“हनी, आमची बस काउंटी लाइनपर्यंतच.”

“मग पुढे?”

“पुढे त्यांची.”

“तुम्हीच त्यांना सांगाल का?”

“आमच्या कॉम्प्युटरला त्यांचा कॉम्प्युटर दिसत नाही.”

त्यांच्याही कॉम्प्युटरला यांचा दिसत नव्हता. अबोला धरलेल्या दोन जावा आणि मध्ये निरोप पोचवणारं पोर, तशी माझी गत झाली. पाच फोनांनंतर ठरलं: सीमेवरच्या पेट्रोल पंपावर, साडेनऊला.

हा घोळ आमच्याच दोन काउंट्यांचा असेल असं मला वाटत होतं. पण २००३ साली वॉशिंग्टनच्या सरकारी हिशेबतपासनिसांनी मोजलं, तेव्हा वृद्ध, अपंग, गरीब यांच्या प्रवासाला पैसा देणाऱ्या केंद्रीय योजना भरल्या ६२. प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, प्रवासी वेगळा. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बुशसाहेबांनी ‘समन्वय साधा’ असा आदेश काढला. २०१२ साली पुन्हा मोजल्या, तर ८०! आयोवावाल्यांनी निदान आपल्या ९९ काउंट्या १६ विभागांत बांधून टाकल्या आहेत. आमच्याकडे प्रत्येक काउंटी आपली बस आपल्याच अंगणात फिरवते.

दुसऱ्या दिवशी ती सीमा पाहिली. म्हणजे पाहिली नाहीच. अलीकडे मका, पलीकडे मका, उंचीलाही सारखाच. बस मात्र तिथे लक्ष्मणरेषा आखल्यासारखी थांबली.

माझ्यासोबत व्हीलचेअरवर एक आजी होत्या, डोळे दाखवायला निघालेल्या. ड्रायव्हरने गुडघे टेकून चाकांजवळचे चार पट्टे एकेक करून सोडले, खुर्ची लिफ्टवर घेतली, लिफ्ट घरघरत खाली आली. दहा पावलांवर दुसरी बस. तिची लिफ्ट घरघरत वर गेली. दुसऱ्या ड्रायव्हरने गुडघे टेकले, तेच चार पट्टे पुन्हा आवळले आणि खुर्ची हलवून खात्री करून घेतली. आजींचा या सगळ्यात स्वेटरचा दुसरा हात विणून होत आला होता. “दर महिन्याला येते मी,” त्या म्हणाल्या, “हा स्वेटर इथेच विणलाय.”

भाडं दोनदा द्यावं लागलं, हे आता किरकोळ वाटतं.

डॉक्टरने दाढ उपटली, पण वेळ लागला. म्हणजे परतीच्या दोन्ही बसची वेळ बदलायची, म्हणजे पुन्हा दोन्ही जावांना फोन. अर्धं तोंड बधिर, गालात कापूस. मी मोठ्या कष्टाने म्हणालो, “फाउंटी फाइनवर... फीन फाजता...”

पलीकडे शांतता पसरली. मग त्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “घाबरू नका हनी. एकटेच आहात का? मी सगळं बघते.”

आणि त्यांनी खरंच सगळं बघितलं. बस पंधरा मिनिटांत दारात हजर. पुढे पंपावर आमच्या काउंटीची बस इंजिन चालू ठेवून वाट बघत होती. दोन्ही बाई एकमेकींशी फोनवर बोलल्या होत्या!

ड्रायव्हरने लिफ्ट खाली आणली आणि माझ्यामागे व्हीलचेअर शोधू लागला. मी मानेनेच नाही म्हटलं. तो गोंधळला. हातातल्या कागदावर माझ्या नावापुढे काय काय लिहिलं होतं कोण जाणे. इथल्या नियमाप्रमाणे पायावर उभ्या माणसालाही लिफ्ट नाकारता येत नाही, तेव्हा त्याने अदबीने हात पुढे केला.

मी गाल धरून लिफ्टवर उभा राहिलो आणि घरघरत वर गेलो.