फुकट आहे, पण एका वेळी एकालाच

मोफत डिजिटल ग्रंथालयांवरच्या तुमच्या लेखातलं ‘लिंक पाठवली की पुस्तक वर्गात पोचलं’ हे वाक्य वाचून हसू आलं. मी ऑनलाइन शिकवते. अशाच एका ग्रंथालयातल्या पुस्तकाची लिंक ३२ जणांना पाठवली. एका मुलीने ते तासाभरासाठी घेतलं आणि बाकीचे ३१ जण ‘मॅडम, उघडत नाहीये’ लिहीत बसले. प्रत एक, म्हणून वाचकही एकच! इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने मार्च २०२० मध्ये आपल्याकडची अशी प्रतीक्षायादी तात्पुरती उठवली होती, म्हणजे एकच पुस्तक एकाच वेळी अनेकांना घेता येत होतं. प्रकाशक कोर्टात गेले आणि जूनमध्ये, ठरल्या मुदतीआधीच, ती सोय बंद झाली.

म्हणजे फुकट आणि मुक्त (कितीही जणांनी एकाच वेळी घ्यावं असं) यांत फरक आहे, आणि लेखात नेमका तोच राहिलाय. हल्ली मी आधी प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर बघते. तिथली बहुतेक पुस्तकं स्वामित्वहक्काची मुदत संपलेली, त्यामुळे रांग नाही, लॉगिन नाही. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) एकदा उतरवून घेतलं की नेट गेलं तरी चालतं. शिवाय अक्षर मोठं करता येतं; स्कॅन केलेल्या पीडीएफचं पान फोनवर डावी-उजवीकडे सरकवत वाचणं म्हणजे शिक्षाच. अर्थात नवी पुस्तकं तिथे क्वचितच मिळतात. त्यासाठी मी नेमका उतारा सांगते आणि आळीपाळीने वाचायला लावते.